अकरा डब्यांचे संशोधन

मंगळवारी सकाळी मुलीच्या, मुग्धाच्या, डब्यासाठी काकडी काढायला म्हणून यामिनीने फ्रीज उघडला. काकडी जागेवर होती. पण तिच्या मागे, अगदी गार कोपऱ्यात, शनिवारी स्वतःच्या हातांनी ठेवलेल्या सहा काचेच्या कुप्यांच्या जागी अर्धा चिरलेला लाल भोपळा बसला होता.

यामिनीने भोपळा उचलून मागे पाहिले. खालचा कप्पा पाहिला. दारातल्या अंड्यांच्या खाचा पाहिल्या. मग अशा वेळी माणूस करतो तेच तिने केले. फ्रीज बंद करून पुन्हा उघडला. भोपळाच होता.

"आई, इथल्या छोट्या कुप्या कुठे गेल्या?"

तिच्या सासूबाई, म्हणजे कालिंदीबाई, मिरजेहून बंगालातल्या या शहरात, बेहालाच्या दोन खोल्यांत पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या, त्याला आता अडीच महिने झाले होते. त्या तव्यावरचे थालीपीठ उलटत म्हणाल्या, "ते विरजण होय? घासून पालथ्या घातल्यात बघ कुप्या. एवढ्याशा तर आहेत, बोट जाईना आत. शेवटी मुग्धाची दुधाची बाटली घासायचा ब्रश शोधून काढला."

"घासल्या?"

"मग काय खरकट्या ठेवू?"

"आई, त्यांच्यावर मी लिहिलं होतं! लाल पेनाने! हात लावू नका म्हणून!"

"हात लावलाच नाही," कालिंदीबाई शांतपणे म्हणाल्या. "चमच्याने काढलं."

यामिनी जेवणाच्या खुर्चीत मटकन बसली. त्या सहा कुप्यांत तिची दोन वर्षे होती.

यामिनी सबनीस शहराच्या दुसऱ्या टोकाला एका संशोधन संस्थेत काम करत होती. एका म्हाताऱ्या मिठाईवाल्याच्या मातीच्या भांड्यातून तिने दह्याचा एक जिवाणू वेगळा काढला होता आणि त्याचे नाव ठेवले होते वाय-सात. (वाय-एक ते वाय-सहा अकाली वारले होते.) या वाय-सातने लावलेले दही भाद्रपदातल्या उकाड्यातही फ्रीजबाहेर तीन-तीन दिवस आंबट होत नसे. निदान प्रयोगशाळेतल्या नळीत तरी होत नव्हते. जिथे वीज पाहुण्यासारखी येते-जाते अशा गावांत, लोकांच्या घरात ते टिकते का, हे तिला पाहायचे होते. त्यासाठी निधी हवा होता, आणि निधी मंजूरही झाला होता.

मंजूर झाला होता, याचा अर्थ मिळाला होता असा नव्हे, हे यामिनीला हळूहळू कळत गेले. पहिला हप्ता आला तो सत्तावीस मार्चला. सोबत पत्र होते की हा निधी एकतीस मार्चपूर्वी खर्च करावा. मधल्या चार दिवसांत एक रविवार होता. यामिनीने धावपळ करून जमेल ते घेतले, पण फ्रीझर राहिला, कारण फ्रीझरला तीन कंपन्यांची दरपत्रके लागत. दोन कंपन्यांनी वेळेत पाठवली. तिसऱ्या कंपनीने काय वाचले कोण जाणे, तिने शवागारातल्या शीतपेटीचे दरपत्रक पाठवले. आणि नेमका तोच दर सगळ्यांत कमी निघाला. तेव्हापासून पाच महिने खरेदी समिती यामिनीकडे एकाच गोष्टीचे लेखी स्पष्टीकरण मागत होती: शीतपेटी का नको?

लेखा विभागात घोषालबाबू बसत. ते अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आजवर तिला कशालाच 'नाही' म्हटले नव्हते, आणि काही दिलेही नव्हते.

"मॅडाम, पहिला इन्स्टॉलमेंट पूरा खर्चा नहीं हुआ," ते दर आठवड्याला चहा पुढे करत सांगत. "तो हम सर्टिफिकेट कैसे देगा? और सर्टिफिकेट नहीं, तो दूसरा इन्स्टॉलमेंट कैसे आएगा?"

"लेकिन खर्च कैसे करूँ? फ्रीझर की फाइल आपके पास ही तो पड़ी है!"

"पड़ी नहीं है मॅडाम," घोषालबाबूंना वाईट वाटे. "दूसरे इन्स्टॉलमेंट का राह देख रही है."

यामिनी दर वेळी 'हो का' म्हणून बाहेर येई, आणि जिना उतरताना तिच्या लक्षात येई की आपल्याला काहीच समजलेले नाही.

त्यातच गेल्या शुक्रवारी शेजारच्या प्रयोगशाळेचा फ्रीझर बंद पडला. त्याच्या एका कोपऱ्यात वाय-सातची सगळी साठवण पोटभाडेकरूसारखी राहत होती. ती वितळली, तापली आणि संपली. टेबलावर चाचणीसाठी दुधात लावलेल्या सहा कुप्या तेवढ्या वाचल्या. त्या ठेवायला संस्थेत जागा नव्हती. एका फ्रीजवर 'फक्त रसायने' असे लिहिलेले होते, तर दुसऱ्याची किल्ली घेऊन प्राध्यापक महाशय परिसंवादाला गेले होते. यामिनीने कुप्या मुग्धाच्या पाण्याच्या बाटलीच्या पिशवीत बर्फ घालून घरी आणल्या. गुरुवारी निधी देणाऱ्या कार्यालयाची समिती येणार होती. ती जिवंत वाय-सात बघणार, आणि मग प्रकल्प चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार. बंद म्हणजे यामिनीची जागाही सप्टेंबरअखेर बंद.

आणि आज मंगळवार होता. फ्रीजमध्ये भोपळा होता.

"पण आई, तुम्हाला एवढं विरजण लागलंच कशाला?"

"अगं, रविवारी मंडळाचा गोपाळकाला नव्हता का? दही माझ्याकडे होतं. मिरजेहून आणलेलं विरजण इथल्या हवेत केव्हाच आंबून गेलं. आणि इथल्या दुकानातलं दही, तोंडात घातलं की पक्वान्न! त्याचा काला करायचा? देवाला काय वाटेल?"

इथल्या मराठी मंडळाचा गोपाळकाला अष्टमी कोणत्याही वारी आली तरी रविवारी होत असे. त्या दिवशी यामिनी समितीसाठी सादरीकरण करत घरीच बसली होती. म्हणजे ती इकडे वाय-सातचे आलेख काढत होती, तेव्हा तिकडे साठ माणसे वाय-सात पोहे, लाह्या आणि काकडी घालून खात होती.

यामिनीने पहिल्यांदा मुग्धाच्या कपाळाला हात लावला. मुग्धा चार वर्षांची होती आणि तिने रविवारी तीन वाट्या काला खाल्ला होता. वाय-सात निरुपद्रवी आहे हे साऱ्या जगात यामिनीइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही तिने जीभ पाहिली, पोट दाबून पाहिले.

"दुखतंय का ग कुठे?"

"ना," मुग्धा म्हणाली. "आज्जीचं दोई खूब भालो आहे. आणखी दे."

तेवढ्यात यामिनीचा नवरा सारंग दाढी अर्धी टाकून बाहेर आला. सगळे ऐकल्यावर त्याने विचारले, "सगळे ठीक आहेत ना?"

"कोण?"

"माणसं."

"माणसांचं काय घेऊन बसलायस! वाय-सात गेलाय माझा!"

"मग उरलेल्या दह्यातून काढ की परत," सारंग म्हणाला आणि उरलेली दाढी करायला आत गेला. चिडण्यासारखेच होते, पण बोलला ते बरोबर होते. यामिनी ताडकन उठली.

"आई, उरलंय ना दही?"

"काल ताक केलं. तळाचं होतं ते आत्ता थालिपिठात घातलं."

"विरजणापुरतं पण नाही ठेवलंत?"

आता मात्र कालिंदीबाई दुखावल्या. विरजण न ठेवणारी बाई असे त्यांना चाळीस वर्षांत कोणी म्हटले नव्हते. "न ठेवायला काय झालं? सगळ्या जणी म्हणायला लागल्या, काय कवडी दही लागलंय, आम्हाला द्या थोडं. म्हणून डब्या भरभरून दिलं. शेवटचा चमचा मीनाला दिला. तिचं लागलं की ती आणून देईल. विरजण कुठं जातंय? फिरायला गेलंय, येईल परत."

विरजण फिरायला जाते, ही गोष्ट यामिनीच्या कुठल्याही आलेखात नव्हती. तिने संस्थेत फोन करून रजा टाकली आणि शोध सुरू केला.

मीना मागच्याच गल्लीत राहत होती. तिने दार उघडले तेच आनंदाने. "अगं यामिनी, आईंना सांग, दही अप्रतिम! ह्यांना जरा गोड आवडतं ना, म्हणून मी त्यात दुकानातलं दोन चमचे मिसळलं आणि मग लावलं."

"मिसळलंस?" यामिनी क्षीण आवाजात म्हणाली. मीनाच्या पातेल्यात आता वाय-सात होता, दुकानातला कोणी परका होता, आणि त्यांची संयुक्त प्रजा होती.

मग तिने अलकाताईंना फोन लावला. अलकाताई मंडळाच्या अध्यक्ष होत्या, न्यू टाउनला राहत आणि फोनवर फक्त स्वतः बोलत.

"दही ना? अगं, सगळ्याची कढी केली! फुटली नाही बघ अजिबात. चांगली रटरटू दिली मी."

"रटरटू दिलीत?"

"रटरटल्याशिवाय काय चव! का ग, तुझा आवाज असा का येतोय? कढी पाठवू का थोडी?"

उकळलेल्या कढीत वाय-सातचे काय झाले असेल याचा विचार न करता यामिनीने पुढचे फोन केले. एकीने दहीवडे केले होते. एकीने नवऱ्याच्या केसांना लावले होते, कोंड्यासाठी. एक कुटुंब डबी घेऊन दोन दिवस दीघ्याला गेले होते आणि तिथे समुद्रकिनारी पोह्यांबरोबर ती संपली होती. यामिनीला हसावे की रडावे कळेना, म्हणून ती नावांवर फुल्या मारत राहिली.

आणि या सगळ्या वेळात, तिच्या शेजारीच पलंगावर बसून, कालिंदीबाईही फोन करत होत्या. मांडीवर दुधाच्या हिशेबाची जुनी वही, कानाला मोबाइल. "हां, मी मुग्धाची आजी. डबी रिकामी झाली का हो? झाकणावर नाव आहे माझं. दही कसं होतं? कधी संपलं? बाहेर ठेवलं होतं का आत? बरं बरं. घासून ठेवा, मी मागवून घेते."

तिसऱ्या फोनला यामिनीचा धीर सुटला. "आई, इथे माझं सगळं करिअर चाललंय आणि तुम्हाला डब्यांची पडलीय!"

"शहाऐंशी सालच्या आहेत त्या," कालिंदीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी नाव घालून घेतलंय प्रत्येकीवर. अशा आता मिळत नाहीत." आणि वहीत काहीतरी लिहून त्यांनी पुढचा नंबर लावला. तो लावता लावता म्हणाल्या, "त्या उन्मेषला विचारलंस का?"

"कोण उन्मेष?"

"तो ग, न्यू टाउनला एकटा राहतो, कॉम्प्युटरवाला. अलकाकडे काल्याला आला होता. वाळलाय अगदी. त्याला मी मोठी डबी दिली."

उन्मेषने फोन उचलला नाही. यामिनी बेहालाहून एस्प्लनेडला आणि एस्प्लनेडहून दुसरी बस पकडून न्यू टाउनला पोचली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. उन्मेष घरूनच काम करत होता. दार उघडले तेव्हा कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली अर्धी चड्डी असा त्याचा वेष होता.

"उन्मेष, मी यामिनी. सबनीस आजींची सून. परवाची दह्याची डबी आहे का रे तुझ्याकडे?"

उन्मेषचा चेहरा पडला. "ताई, सॉरी. मी धुणारच होतो. आज संध्याकाळी धुणारच होतो."

"धुतली नाहीस?" यामिनी ओरडली.

"नाही ना. खरंच सॉरी."

"अरे, शाब्बास! कुठे आहे?"

उन्मेषने घाबरून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट केले. तिथे, भर उन्हात, स्टीलची डबी होती. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते: कालिंदी मनोहर सबनीस, १९८६. यामिनीने झाकण काढले. निम्मे दही शिल्लक होते. वर पाण्याचा टिपूसही सुटलेला नव्हता. तिने वास घेतला. मग शास्त्रज्ञाने कधीही करू नये ते केले. चमचाभर तोंडात घातले.

आंबट नव्हते. रविवार, सोमवार आणि मंगळवारची दुपार, पश्चिमेच्या खिडकीत, आणि आंबट नव्हते.

"हे फ्रीजमध्ये का नाही ठेवलंस तू?"

"ताई, फ्रीज बंद असतो. त्यात मी बूट ठेवतो."

"बूट?"

"पावसाळ्यात बाहेर ठेवले की बुरशी येते ना. फ्रीज कसा, घट्ट बंद होतो." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने घाईघाईने सांगितले, "दह्याच्या वेळी उघडलेला नव्हता, ताई."

यामिनीने ती डबी ओढणीत गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरून बसमधून घरी आणली. शेजारच्या बाईने आपल्या मुलीला तो 'ठाकुरेर प्रसाद', म्हणजे देवाचा प्रसाद, असल्याचे सांगितले, आणि यामिनीने ते खोडून काढले नाही.

बुधवारी सूक्ष्मदर्शकाखाली वाय-सात दिसला. ओळखीच्या साखळ्या, ओळखीची बांधणी, दुसरे कोणी शेजारी नाही. पक्की खात्री करायची तर एक चाचणी होती, पण तिची रसायने दुसऱ्या हप्त्यात होती. दुपारी घरी येऊन तिने दूध तापवले, तर कालिंदीबाईंनी तिला बाजूला केले. "तू नको. तू घाबरलेली आहेस, दही लागायचं नाही." त्यांनी दुधात करंगळी बुडवली, दहापर्यंत मोजले, विरजण मोडून घातले आणि मातीचे मडके टॉवेलात बांधून ठेवले. करंगळीचे तापमान किती असते हे यामिनीने विचारले नाही. दही लागले.

गुरुवारी कालिंदीबाई समितीपुढे जायला सोबत निघाल्या. मडके टॅक्सीत हिंदकळून दही मोडेल, ते मांडीवर घेऊन बसायला जाणते माणूस हवे, असे त्यांचे म्हणणे होते. यामिनीने त्यांना सभागृहाच्या दारापाशी खुर्चीत बसवले आणि बजावले, "आई, आत फक्त मी बोलणार."

"मी कशाला बोलतेय? मला काय कळतं त्यातलं?"

समितीत तिघे होते. अध्यक्ष लाहिरीसाहेब संस्थेच्या पाहुणचारातली कोशा मांशो, म्हणजे झणझणीत मटण, खाऊन आले होते आणि छातीवर मूठ ठेवून बसले होते. त्यांच्या शेजारी महिला गृहउद्योग खात्याच्या सेनगुप्ता मॅडम होत्या. तिसरे गृहस्थ फक्त लिहीत होते. बाजूला फाइल घेऊन घोषालबाबू उभे होते, चेहऱ्यावर तीच सभ्यता घेऊन.

यामिनीने आलेख दाखवायला सुरुवात केली. लाहिरीसाहेबांचे लक्ष मडक्याकडे होते. पाचव्या आलेखाला ते म्हणाले, "हे खाण्याचं आहे का?" आणि दोन वाट्या दही खाऊन झाल्यावर त्यांची मूठ छातीवरून खाली आली.

"उत्तम," ते इंग्रजीत म्हणाले. "पण मिसेस सबनीस, हे सगळं प्रयोगशाळेतलं. प्रत्यक्ष घरांत हे टिकतं का? याला काही पुरावा?"

"सर, त्याच्यासाठीच दुसरा हप्ता हवा आहे. तो आला की आम्ही काही घरं निवडणार, मग—"

"म्हणजे अजून एकाही घरात दिलेलं नाही?"

'नाही' म्हणावे तर ते खोटे होते. 'हो' म्हणावे तर काय सांगणार? गोपाळकाल्याची हकिकत? समितीच्या तिसऱ्या गृहस्थांनी पेन उचलले आणि ते प्रकल्पाच्या नावापुढे काहीतरी लिहिणार, एवढ्यात दाराकडून आवाज आला.

"ग्यारह घर में दिया है!"

सगळ्यांनी वळून पाहिले. कालिंदीबाई दुधाच्या हिशेबाची वही घेऊन उभ्या होत्या.

"आई!" यामिनी दबक्या आवाजात म्हणाली.

"अगं, विचारतायत ते." मग समितीकडे वळून त्यांनी आपले मिरजेचे हिंदी पुढे काढले. "ग्यारह डब्या गया था. नौ वापस आया. ये देखो, किसको कितना चमचा दिया, किस तारीख को, बाहर रखा की फ्रीज में, कब तक अच्छा रहा, सब लिखा है. ये मीना, इसने मिलावट किया, उसका मत पकडो. ये अलका, इसने उबाल डाला. डबी पन अभी दी नहीं. ये उन्मेष, खिडकी में, धूप में, तीन दिन. एकदम मीठा."

लाहिरीसाहेबांनी वही घेतली. पाने उलटली. सेनगुप्ता मॅडमनी चष्मा लावला. वहीच्या डाव्या बाजूला 'म्हशीचे १ लि., गाईचे अर्धा' असे काहीतरी होते आणि उजव्या बाजूला वाय-सातची पहिली क्षेत्रीय चाचणी होती. तीही यामिनीने तीन वेळा प्रस्तावात लिहिली होती त्यापेक्षा नीट.

"मिसेस सबनीस," लाहिरीसाहेब भारावून म्हणाले, "या कोण आहेत? तुमच्या प्रकल्पातल्या?"

"सासूबाई आहेत."

"विलक्षण! निधी नसताना, माणसं नसताना, फ्रीझर नसताना अकरा घरं!" त्यांनी उठून यामिनीशी हस्तांदोलन केले. यामिनीच्या डोळ्यांत पाणी आले. दोन वर्षांनी पहिल्यांदाच कोणीतरी शाबासकी देत होते. "म्हणजे तुमचं संशोधन मुदतीआधीच पूर्ण झालं!"

"हो सर. म्हणजे... काय झालं?"

"पूर्ण झालं. लोकांच्या घरात पोचलं. आता दुसऱ्या हप्त्याची गरजच काय? लिहा," ते तिसऱ्या गृहस्थांना म्हणाले, "प्रकल्प यशस्वी, म्हणून बंद. उरलेला निधी परत घ्यावा. अभिनंदन!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घोषालबाबूंनीही वाजवल्या. आणि सगळे वाजवतायत म्हणून, क्षणभर, यामिनीनेही वाजवल्या.

"पण सर," भानावर येऊन ती म्हणाली, "ते संशोधन नव्हतं. तो गोपाळकाला होता!"

तोवर लाहिरीसाहेब तिसरी वाटी घेत होते. आणि दारापाशी सेनगुप्ता मॅडम कालिंदीबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसून पर्समधून एक गुलाबी अर्ज काढत होत्या. "मासिमा," त्या हिंदीत विचारत होत्या, "आपको पढ़ना-लिखना तो आता है ना? बस, यहाँ नाम, यहाँ पता, यहाँ सही."

"सही कशाला?" कालिंदीबाईंनी सुनेला विचारले.

"मला माहीत नाही, आई," यामिनी म्हणाली. ते अगदी खरे होते. त्या दिवशी तिला काहीच माहीत नव्हते.

कालिंदीबाईंनी सही केली. सवयीने पूर्ण नाव घातले, आणि खाली साल.

पुढचे तीन आठवडे यामिनीने जागेवरचे सामान खोक्यात भरले. ती मुग्धाला शाळेत सोडताना रोज म्हणे, आता आई घरीच असणार हं, आणि मुग्धा रोज विचारे, "केनो?" या 'का'चे उत्तर यामिनीला मराठीतही देता येत नव्हते. वाय-सात घरच्या फ्रीजमध्ये, भोपळ्याशेजारी, कालिंदीबाईंच्या एका डबीत राहत होता. डबी अकरावी होती. ती अलकाताईंनी शेवटी परत केली होती.

सप्टेंबरच्या अखेरीस एक जाड पाकीट आले. कालिंदी मनोहर सबनीस यांचा गृहउद्योग प्रकल्प मंजूर झाला होता. मंजूर म्हणजे मंजूर. पहिला हप्ता आदल्याच दिवशी बँकेत जमा झालेला होता. विरजण वापरायला संस्थेची परवानगी सोबत जोडलेली होती, आणि तिच्यावर घोषालबाबूंचा शिक्काही होता. फ्रीझर, कुप्या, रसायने, शंभर घरांतली चाचणी, सगळे पत्रात होते. शेवटी एक कलम होते की प्रमुखांनी एक शास्त्रीय सल्लागार नेमावा. त्याचे मानधन यामिनीच्या आधीच्या पगारापेक्षा थोडे जास्तच होते, आणि ते दर महिन्याच्या एक तारखेला मिळणार होते. फक्त प्रमुखांनी काम समाधानकारक असल्याचे लिहून द्यायला हवे.

यामिनीने ते कलम दोनदा वाचले. मग सारंगला वाचायला दिले. सारंगने पत्र तोंडासमोर धरले. त्याचे खांदे तेवढे हलत होते.

तेवढ्यात घोषालबाबूंचा फोन आला. त्यांचा आवाज पहिल्यांदाच आनंदाने कापत होता. "मॅडाम! बधाई हो! आपका फ्रीझर पास हो गया!"

"लेकिन प्रोजेक्ट तो बंद हो गया ना, घोषालबाबू?"

"हाँ मॅडाम. इसी लिए तो पास हुआ. अभी कोई ऑब्जेक्शन नहीं रहा."

"कौन सा पास हुआ?"

घोषालबाबूंनी फाइल चाळल्याचा आवाज आला. "जो सबसे सस्ता था."

यामिनीने फोन खाली ठेवला. जेवणाच्या टेबलाशी कालिंदीबाई चष्मा लावून बसल्या होत्या. समोर नवी कोरी वही होती आणि तिच्यावर त्यांनी नाव घालून साल लिहिले होते.

"हां, बस," त्या म्हणाल्या. "फ्रीझर घ्यायचा म्हणत होतीस ना? घेऊ."

यामिनीच्या जिवात जीव आला. "घेऊ या ना, आई! मी आजच सांगते, उद्या येईल."

"उद्या कसा येईल? पैसा सरकारी आहे, माझ्या घरचा नाही. तीन दुकानांचे भाव आण आधी. लेखी." कालिंदीबाईंनी पेनाचे टोपण काढले. "आणि सगळ्यांत स्वस्त घेतला नाही, तर का नाही घेतला, ते खाली लिहून दे."

यामिनीने ड्रॉवरमधून कागद काढला, आणि दोन वर्षांच्या सवयीने विचारले, "किती प्रती?"

"तीन," कालिंदीबाई म्हणाल्या. "आणि डबी घासून ठेव."